दीक्षेनंतरचे घर

नागपुरातल्या बौद्ध लग्नात अंतरपाट धरला जात नाही. होम नसतो, सप्तपदी नसते, पंचांग पाहून काढलेला मुहूर्तही नसतो. पांढऱ्या साडीतली वधू आणि पांढऱ्या पोशाखातला वर बुद्ध आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांसमोर उभे राहतात, मेणबत्ती लावतात, फुले वाहतात. भन्तेजी किंवा बौद्धाचार्य त्रिशरण-पंचशील देतात आणि मांडवातली मंडळी ते मागोमाग म्हणतात. मग दोघे एकमेकांना पाच-पाच वचने देतात. वर सांगतो, पत्नीचा मान राखीन, तिचा अवमान करणार नाही, तिच्याशी एकनिष्ठ राहीन, घरातला अधिकार तिच्या हाती देईन, तिला काही कमी पडू देणार नाही. वधू सांगते, घर नीट सांभाळीन, दोन्हीकडच्या नातलगांशी आपुलकीने वागेन, एकनिष्ठ राहीन, कमाईचे जतन करीन, कामात आळस करणार नाही. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो. जयमंगल अष्टगाथा होते आणि अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या पडतात.

ही वचने दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तातून आलेली आहेत. राजगृहाचा सिगाल नावाचा तरुण गृहस्थ वडिलांनी सांगून ठेवले होते म्हणून रोज पहाटे ओलेत्याने सहा दिशांना हात जोडत असे. बुद्धाने त्याला सांगितले, पूर्व दिशा म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे नोकर-कामगार आणि वरची म्हणजे श्रमण. दिशा पुजायची तर या माणसांशी नीट वागून पुजावी. प्रत्येक नात्यात दोन्ही बाजूंची कर्तव्ये त्याने मोजून सांगितली. मालकाने कामगाराला झेपेल एवढेच काम द्यावे, वेतन आणि जेवण द्यावे, आजारपणात त्याच्याकडे पाहावे, घरात गोडधोड झाले तर त्यालाही द्यावे आणि वेळेवर सुट्टी द्यावी, हेही त्यातच आहे.

अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश नागपूरच्या लग्नमांडवात पोचला तो १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर. बुद्धाची शिकवण आजच्या जगण्यात कशी आणायची, यावर हल्ली पुष्कळ लिहिले-बोलले जाते; बहुतेकदा ती चर्चा ध्यानापाशी सुरू होते आणि मनःशांतीपाशी संपते. नागपूरच्या वस्त्यांनी सुरुवात दुसरीकडून केली. त्यांनी आधी घर बदलले. लग्न, बारसे, मयत, देव्हारा, सणाचे जेवण, सोयरीक, मुलीची शाळा हे सगळे एका शिकवणुकीवर नव्याने बेतण्याचा प्रयत्न लाखो साध्या माणसांनी एकाच वेळी केला. धम्माच्या आधुनिक उपयोगाचा एवढा मोठा प्रयोग दुसरीकडे शोधूनही सहज सापडणार नाही.

जमीन आधीच नांगरलेली होती

हे एका दिवसात घडले नाही. विदर्भातले अनेक महार पूर्वापार जाडेभरडे कापड विणणारे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि मिलच्या भोंग्याबरोबर खेड्यातली माणसे शहरात आली. रोख मजुरी हातात पडू लागली, गावकीच्या कामांची साखळी सैल झाली. दोन पैसे गाठीला असलेला माणूस पोराला शाळेत घालण्याचा विचार करू शकतो. मिलने तो विचार शक्य केला.

मोहप्याच्या किसन फागूजी बनसोडे यांनी १९०७ मध्ये पाचपावलीत मुलींची शाळा काढली. पुढे त्यांनी स्वतःचा छापखाना घातला आणि ‘मजूर पत्रिका’सारखी पत्रे चालवली. बनसोडे संत चोखामेळ्याच्या भक्तिपरंपरेत राहून सुधारणा मागणारे होते. धर्मांतराची वाट त्यांना पटली नाही, पण वाचणारी पिढी घडवण्यात त्यांचा वाटा मोठा होता. जाईबाई चौधरींनी चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा सुरू केली. कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी विडी कामगारांना संघटित केले, १९३७ मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले आणि १९३९ मध्ये ऐन पस्तिशीत गेले. आज महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात ऐकू येणारा ‘जय भीम’ हा अभिवादनाचा प्रघात त्यांनी पाडला.

परिषदाही याच शहरात भरल्या. १९२० च्या मे महिन्यात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद नागपुरात झाली आणि तिच्या अध्यक्षस्थानी राजर्षी शाहू महाराज होते. जुलै १९४२ मध्ये मोहन पार्कवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्याच मांडवात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद भरली. जमलेल्या हजारो बायकांसमोर बाबासाहेबांनी राजकारण बाजूला ठेवून घरातल्या गोष्टी काढल्या. स्वच्छ राहा, मुलांना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, नवऱ्याची दासी होऊ नका, बरोबरीची मैत्रीण व्हा, असे त्यांनी बजावले. चौदा वर्षांनी जे शील म्हणून मांडले गेले ते नागपूरच्या बायकांनी १९४२ मध्येच ऐकले होते.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ ही घोषणा बाबासाहेबांनी केली होती. तिच्यानंतरची एकवीस वर्षे ते वाचत, तपासत आणि तोलत राहिले. ४ मे १९५५ रोजी त्यांनी भारतीय बौद्ध महासभेची स्थापना केली. लोकांना वंदनेचे पाली पाठ हाती असावेत म्हणून ‘बौद्ध पूजापाठ’ नावाची छोटी पुस्तिका तयार केली. आणि २३ सप्टेंबर १९५६ रोजी पत्रक काढून जाहीर केले की दसऱ्याच्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, सकाळी नागपुरात दीक्षा होईल.

पांढऱ्या कपड्यांचा दसरा

नागपूर का, याचे उत्तर त्यांनी १५ ऑक्टोबरच्या भाषणात स्वतःच दिले. भारतात बुद्धधम्माचा प्रसार नाग लोकांनी केला आणि या परिसराचा त्यांच्याशी संबंध आहे, असे त्यांचे म्हणणे होते. शहरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे मुख्यालय असल्याने हे ठिकाण निवडले, हा तर्क त्यांनी स्पष्ट शब्दांत नाकारला. विदर्भाच्या मातीत बौद्ध अवशेष आहेत हे पुढे अधिक ठसठशीतपणे दिसले. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने वैनगंगेकाठच्या पवनीत उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या त्या कामात स्तूपाचे अवशेष आणि त्यावरची नागशिल्पे बाहेर आली. रामटेकजवळच्या मनसरलाही टेकड्यांखाली प्राचीन वास्तू निघाल्या.

समारंभाची जुळवाजुळव भारतीय बौद्धजन समितीच्या नागपूर शाखेकडे होती आणि वामनराव गोडबोले धावपळ करत होते. जागा ठरली ती लस संस्थेजवळच्या मोकळ्या मैदानाची, सुमारे चौदा एकरांची. बाबासाहेब ११ ऑक्टोबरला पत्नी माईसाहेबांसह आले आणि सीताबर्डीवरच्या श्याम हॉटेलात उतरले. प्रकृती खालावलेली होती, आधाराशिवाय चालणे अवघड झाले होते. विदर्भ, मराठवाडा, मुंबई आणि त्यापलीकडून माणसे रेल्वेने, बैलगाड्यांनी, पायी येत होती. येताना पांढरे कपडे घाला असा निरोप होता. घरात एकुलते एक धडके लुगडे असलेल्या बायकांनीही कुठून कुठून पांढरे लुगडे मिळवले.

१४ तारखेच्या सकाळी कुशीनगरचे महास्थविर चंद्रमणी यांनी बाबासाहेबांना आणि माईसाहेबांना त्रिशरण आणि पंचशील दिले. मूळचे अराकानचे हे वयोवृद्ध भिक्खू त्या वेळी ऐंशीच्या घरात होते. बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीला तीनदा वंदन केले आणि पांढरी कमळे वाहिली. इथवर सगळे थेरवादी परंपरेला धरून झाले. यानंतर जे घडले ते परंपरेत नव्हते. काही क्षणांपूर्वी स्वतः उपासक झालेला हा गृहस्थ मैदानाकडे वळला, ज्यांना दीक्षा घ्यायची आहे त्यांनी उभे राहावे असे म्हणाला आणि आपणच त्यांना दीक्षा दिली. सगळे मैदान उठले. त्या दिवशीची संख्या तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत सांगितली जाते. नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्यासारखे सवर्ण विद्वानही दीक्षा घेणाऱ्यांत होते.

त्रिशरण-पंचशीलावर बाबासाहेबांनी आणखी बावीस प्रतिज्ञा दिल्या. पहिल्या आठ नकाराच्या आहेत: अमुक देव मानणार नाही, बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मानणार नाही, श्राद्धपक्ष करणार नाही, ब्राह्मणाकडून विधी करून घेणार नाही. सगळी माणसे समान आहेत असे नववी म्हणते आणि दहावी त्या समतेसाठी प्रयत्न करीन असे वदवून घेते. मग अष्टांगिक मार्ग आणि दहा पारमिता येतात, प्राणिमात्रांवर दया येते. चोरी, खोटे बोलणे, व्यभिचार आणि दारू यांना नकार देणाऱ्या चार प्रतिज्ञा मागोमाग येतात. प्रज्ञा, शील आणि करुणा यांच्या समतोलावर जगण्याचा प्रयत्न करीन, अशी अठरावी आहे.

या यादीकडे शांतपणे पाहिले की लक्षात येते, यातल्या बहुतेक प्रतिज्ञा एकट्याने डोळे मिटून पाळण्याच्या नाहीत. त्या दुसऱ्या माणसाच्या समोर, बाजारात, मिलमध्ये, स्वयंपाकघरात, सोयरिकीच्या बैठकीत पाळायच्या आहेत. बाबासाहेबांची धम्माची समजूतच तशी होती. जगात एकच माणूस असता तर त्याला धम्माची गरज पडली नसती. दोन माणसे एकत्र आली की गरज सुरू होते, असा त्यांचा विचार होता. त्यांच्या मरणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथातला सिद्धार्थ म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडत नाही. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा पेटतो, युद्धाला विरोध केल्यामुळे त्याला गृहत्याग करावा लागतो. धर्मानंद कोसंबींनीही हा पाण्याचा तंटा महत्त्वाचा मानला होता. १९२७ मध्ये महाडला पाण्यासाठी उभा राहिलेला माणूस बुद्धचरित्रात पाण्यापाशी थांबला, हे समजण्यासारखे आहे. दुःखाचा उगम तृष्णेत आहे हे मान्य करूनही, माणसाने माणसावर लादलेल्या दुःखाकडे पाठ फिरवणारा धम्म त्यांना नको होता.

गुरू गेला, पुस्तक राहिले

दीक्षेनंतर दुसऱ्या दिवशी बाबासाहेब दीर्घकाळ बोलले. मेलेली ढोरे ओढणे सोडल्यामुळे महारांचे वर्षाला काहीशे रुपयांचे नुकसान होते, अशी तक्रार पूर्वी वर्तमानपत्रांतून होत असे. तिचा समाचार घेताना त्यांनी सांगितले की माणसाला पैशापेक्षा इज्जत प्यारी असते. धम्मकार्यासाठी मिळकतीचा विसावा भाग द्या, असेही सांगितले. १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला पुन्हा दीक्षा समारंभ झाला. त्यानंतर काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद आणि मग ६ डिसेंबर. दीक्षा आणि महापरिनिर्वाण यांच्यात अवघे त्रेपन्न दिवस गेले.

लाखो माणसे नवा धम्म घेऊन उभी आणि शिकवणारा निघून गेलेला, अशी ती अवस्था. मराठी जाणणारे भिक्खू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ६ डिसेंबरलाच इंग्रज भिक्खू संघरक्षित नागपुरात येऊन पोचले होते. कस्तुरचंद पार्कवरच्या शोकसभेत ते बोलले आणि पुढच्या चार दिवसांत वस्त्या-वस्त्यांमधून त्यांनी चाळीसच्या आसपास सभा घेतल्या. त्यांचे शिष्य लोकमित्र पुढे भारतात राहिले. त्यांच्या चळवळीच्या कामठी रोडवरच्या नागलोक परिसरात आज देशाच्या निरनिराळ्या राज्यांतून आलेली तरुण मुले-मुली धम्माचे शिक्षण घेतात. पंजाबात जन्मलेले, वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीत काम केलेले भदंत आनंद कौसल्यायन यांनी बाबासाहेबांचा ग्रंथ हिंदीत आणला. श्रीलंकेतल्या अनुराधपुरातून त्यांनी आणलेली बोधिवृक्षाची रोपे दीक्षेच्या मैदानावर, म्हणजेच दीक्षाभूमीवर, वाढली. त्यांचे निधनही १९८८ मध्ये नागपुरातच झाले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जपानहून आलेले सुरेई ससाई इंदोऱ्यात राहिले आणि नागपूरचेच झाले.

तरी शिकवणारे थोडेच होते. ही उणीव भरून काढली ती सामान्य उपासक-उपासिकांनी. लग्न लावायला, बारशाला, जलदान विधीला भिक्खू मिळत नाहीत म्हणून महासभेने गृहस्थांतूनच बौद्धाचार्य तयार केले. रेल्वेतला कारकून, शाळामास्तर, मिल कामगार संध्याकाळी पांढरा सदरा घालून गाथा म्हणू लागला. पौरोहित्य जन्मावर अवलंबून नसते, हे कुठल्याही भाषणापेक्षा या माणसांनी लोकांना अधिक पटवले.

दुसरा आधार वर्षावासाचा. बुद्धाच्या काळात भिक्खू पावसाचे तीन महिने एका जागी राहत आणि लोक त्यांच्याकडे धम्म ऐकायला जात. नागपूरच्या वस्त्यांत भिक्खू नसले तरी वर्षावास झाला. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वस्तीतल्या विहारात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. संध्याकाळी घरातले आवरून बायका येतात, चपला दारात राहतात, सतरंजीवर फेर धरून बसतात. मेणबत्ती, त्रिशरण, पंचशील, मग वाचन. ग्रंथाची रचना या कामासाठीच केल्यासारखी आहे: आठ खंड, खंडांचे भाग, भागांची छोटी प्रकरणे आणि प्रकरणातल्या विधानांना क्रमांक. त्यामुळे काल कुठे थांबलो हे चटकन सापडते आणि अडखळत वाचणाऱ्या बाईलाही दोन क्रमांकांच्या मध्ये श्वास घ्यायला जागा मिळते. मधेच कुणी प्रश्न विचारते, पुनर्जन्म नाही तर कर्म म्हणजे काय, आणि त्यावर अर्धा तास जातो. समारोपाला खीरदान होते.

या सभांमधून कितीतरी बायका पहिल्यांदा चारचौघांत मोठ्याने वाचायला शिकल्या. सम्यक वाचा, सम्यक स्मृती हे शब्द त्यांच्यापर्यंत पोचले ते घरातल्या भांडणाचे किंवा शेजारणीच्या चुगलीचे उदाहरण घेऊन. अष्टांगिक मार्ग कुठे लागू करायचा हे त्यांना कुणी समजावून सांगावे लागले नाही.

जे सुटले आणि जे सुटले नाही

दीक्षेनंतर घराघरांतले देव्हारे रिकामे झाले. कुणी टाक आणि मूर्ती नदीत सोडल्या, कुणी गाठोडे बांधून ठेवले. मेलेली जनावरे ओढणे, गावकीची कामे, उतारे-भगत यांना खेडोपाडी नकार गेला आणि त्याची किंमत अनेकांनी बहिष्कारात मोजली. विदर्भातल्या महारांत बावणे, कोसरे, बारके, लाडवण अशा पोटजाती होत्या आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार नव्हता. मैदानावर सगळे एकाच ओळीत उभे राहिले, त्यामुळे या भिंतींना पहिले मोठे खिंडार पडले.

किंमत सरकारदरबारीही द्यावी लागली. बौद्ध झालेला माणूस अनुसूचित जातीच्या सवलतींना मुकत असे. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर राज्याच्या सवलती नवबौद्धांना मिळाल्या, पण केंद्र सरकारच्या आरक्षणासाठी १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे चौतीस वर्षे, एका अख्ख्या पिढीच्या नोकरीचा काळ, या लोकांनी पदरचे घालून धम्म सांभाळला. तरीही १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या आजच्या भूभागात अडीच हजारांच्या आसपास असलेले बौद्ध १९६१ मध्ये सुमारे २७ लाख ९० हजार झाले. सवलतीसाठी धर्म बदलला असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे आणि ही वर्षे एकत्र वाचायला हवीत.

शिक्षणाचा परिणाम पुढच्या आकड्यांत दिसतो. २०११ च्या जनगणनेत देशाची साक्षरता सुमारे ७३ टक्के, तर बौद्धांची ८१ टक्क्यांच्या वर. स्त्रियांमध्ये हे अंतर आणखी वाढते: देशात सुमारे ६५ टक्के, बौद्धांत ७४. यामागे शाळा आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, चळवळ आहे. आणि शिकणे हेच शील मानणारी आई आहे.

जे सुटले नाही त्याबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. सतरावी प्रतिज्ञा दारूची. मिल बंद पडल्या, हाताला काम उरले नाही, तेव्हा सर्वांत आधी हीच प्रतिज्ञा अनेक घरांत मोडली आणि तिचा मार बायकांनी खाल्ला. सोयरिकीच्या बोलण्यात पोटजात हळूच विचारली जाते. पांढऱ्या साडीतल्या लग्नानंतर हुंड्याची बोलणीही ऐकू येतात. कुठे बुद्धमूर्तीसमोर नवस बोलला जातो, कुठे ताईत परत येतो. नववी आणि दहावी प्रतिज्ञा सगळ्या माणसांबद्दल बोलतात, तरी दीक्षा बहुतांशी एकाच समाजापुरती राहिली. यात दोष बौद्धांपेक्षा बाकीच्या मराठी समाजाचा जास्त आहे. शेजारच्या विहारात काय वाचले जाते हे पाहायला त्यातले किती जण आत गेले?

करुणा म्हणजे नुसती दया नव्हे, हेही नागपूरने रस्त्यावर दाखवले. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव जुलै १९७८ मध्ये विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपुरात लोक रस्त्यावर आले. ४ ऑगस्टच्या गोळीबारात माणसे मेली. इंदोऱ्याच्या दहा नंबर पुलाजवळ त्यांचे स्मारक आहे. नोव्हेंबर १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली औरंगाबादकडे निघालेला लाँग मार्च दीक्षाभूमीवरूनच निघाला. नामांतर व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. एवढा दीर्घ संयम आणि एवढी चिकाटी यांना पारमितांच्या यादीत क्षांती आणि वीर्य अशी नावे आहेत.

पुस्तकांचा बाजार

दीक्षाभूमीवरचा स्तूप बांधायला १९७८ मध्ये सुरुवात झाली आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. वास्तुरचनाकार शिवदानमल यांनी सांचीचा आकार घेतला, पण सांचीचा स्तूप भरीव आहे आणि हा आतून पोकळ. घुमटाखाली हजारो माणसे बसू शकतात. ज्या धम्मात माणसांनी एकत्र येणे मुख्य, त्याला साजेशी ही रचना. आवारात एका स्तंभावर बावीस प्रतिज्ञा कोरलेल्या आहेत. शेजारीच १९६४ मध्ये सुरू झालेले डॉ. आंबेडकर महाविद्यालय आहे. स्मारक आणि कॉलेज एकाच कुंपणात असावे, हा निर्णय स्मारक समितीचा, आणि तो किती योग्य होता हे तिथून शिकून बाहेर पडलेली मुले सांगू शकतील.

दसऱ्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून लोक यायला लागतात. डोक्यावर गाठोडे, कडेवर मूल, हातात पंचशील ध्वज. रस्त्याकडेला भोजनदानाचे मंडप, दवाखान्यांचे तंबू, आणि या सगळ्यात लांबच लांब पुस्तकांची दुकाने. बावीस प्रतिज्ञांची घडीची पुस्तिका, वंदनेची गाथा-पुस्तके, राज्यघटना, बाबासाहेबांच्या लेखनाचे जाडजूड खंड, जोतिराव फुल्यांची पुस्तके, अभ्यासाची गाईडे. खेड्यातून आलेली, स्वतः न शिकलेली बाई नातवासाठी पुस्तक निवडते, मुखपृष्ठावरचा फोटो पाहते, विक्रेत्याला आत काय आहे ते विचारते आणि लुगड्याच्या कनवटीची नोट सोडवते. महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कोणत्या यात्रेतून लोक प्रसादाऐवजी पुस्तके घेऊन घरी जातात?

धम्माच्या बाकीच्या वाटाही शहरात आहेत. माहुरझरीला विपश्यना केंद्र आहे, कामठीत ड्रॅगन पॅलेस आहे, नागपूर विद्यापीठात पाली-प्राकृताचा विभाग आहे, चिचोलीच्या शांतिवनात गोडबोल्यांनी जपलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू आहेत. ज्याला ध्यान करायचे त्याने जरूर करावे. अष्टांगिक मार्गात सम्यक समाधी आहेच. पण त्याच मार्गात सम्यक आजीविका आणि सम्यक वाचाही आहेत, आणि त्या डोळे उघडे ठेवून पाळायच्या असतात. नागपूरने जगाला शिकवण्यासारखे काही असेल तर ते हे आहे.

या प्रयोगाचा इतिहास मात्र अजून नीट लिहिला गेलेला नाही. समारंभाची वर्णने आहेत, नेत्यांची चरित्रे आहेत. घरांचा इतिहास नाही. देव्हारा कुणी आणि कसा हलवला, पहिले बौद्ध लग्न लावताना बौद्धाचार्यांनी काय म्हटले, आजीने गाथा कुणाकडून पाठ केल्या, सोयऱ्यांनी तोंड फिरवले तेव्हा घर कसे चालले, हे सांगू शकणारी माणसे १९५६ मध्ये आठ-दहा वर्षांची होती. आज ती ऐंशीच्या घरात आहेत. प्रत्येक मोबाईलमध्ये आवाज टिपण्याची सोय आहे. विहारांनी, महाविद्यालयांनी, पालीच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी येत्या वर्षावासात एवढे एक काम अंगावर घ्यावे: आपल्या वस्तीतल्या या आजी-आजोबांसमोर बसावे, विचारावे, आणि ते सांगतील ते त्यांच्याच बोलीत लिहून ठेवावे.